अंगणात फेकलेले मूग

आईनं नाव सांगितलं आणि मलकप्पा कोरे गादीवरून उठून उभा राहिला.

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बार्शीच्या पेठेत मलकप्पा कुणासाठी उठत नसे. मामलेदारांची बायको आली तरी बसल्या जागेवरून 'या की' म्हणायचा आणि पुन्हा तराजूकडे बघायचा. आणि आमची आई म्हणजे जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी. तिचा आवाज असा, की तिनं हाक मारली तर आपल्याला भास झाला असं वाटावं.

"पेडगावकर बाई? मोजणीतल्या साहेबांच्या?" मलकप्पानं विचारलं.

"हो."

"आपण सोता आलात?"

"साहेबांचा पाय प्लास्टरमध्ये आहे," आई म्हणाली. "मिरग तोंडावर आला. वर्षाचं सामान भरायचं राहिलंय."

मलकप्पानं हातातलं मापटं खाली ठेवलं. धोतराचा सोगा झटकून त्यानं एक स्टूल पुढे ओढलं, स्वतःच्या उपरण्यानं पुसलं आणि हमालाला चहा आणायला पिटाळलं. एवढं करून तो हात जोडून उभा राहिला. त्याच्या कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांवर घाम आला होता. मला तो उन्हाचा वाटला.

हे सगळं माझ्या डोक्यात बसेना. आमच्या घरी मलकप्पाची ख्याती वेगळीच होती.

आमचे दादा मोजणी खात्यात होते. शेतांच्या हद्दी ठरवायच्या, बांधावरून भांडणाऱ्या भावांना साखळी टाकून दाखवायचं, की बांध इथून जातो. कुऱ्हाडी घेऊन उभ्या असलेल्या दोन माणसांच्या मध्ये उभं राहून दादा म्हणायचे, "मी काय म्हणणार? नकाशा म्हणतोय." माणूस इतका सौम्य, की कुणी त्यांच्यावर रागावूच शकत नसे. नकाशावर मात्र सगळा तालुका रागावलेला होता.

किराणा दादाच आणायचे. आमच्या आळीत पेठेत जाऊन दुकानाच्या फळीशी उभं राहणं बायकांचं काम नव्हतं. भाजी दारावर यायची, बाकीचं पुरुष आणायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा सायकलला पिशव्या लटकावून निघायचे आणि जेवायच्या वेळी परत यायचे. पिशव्या ओट्यावर रिकाम्या होताना आई एकेक विचारायची.

"आंबेमोहोर नाही मिळाला?"

"मलकप्पा देईना. म्हणाला, हाच तांदूळ घ्या."

"आणि कॉफी?"

"तो कॉफी ठेवतच नाही. मी किती वेळा म्हटलं. पण तो फार हेकट माणूस आहे."

आईचं माहेर धारवाडचं. लग्नाआधी रोज सकाळी कॉफी पिऊन वाढलेली ती. बार्शीत आल्यापासून चहावर दिवस काढत होती, आणि त्याबद्दल तिनं दादांना कधी दोष दिला नव्हता. दोष मलकप्पाचा होता. माझ्या डोळ्यांसमोर मलकप्पा म्हणजे कल्लेदार मिशांचा, आडदांड, गिऱ्हाइकाच्या हातातून पिशवी हिसकावून घेणारा कुणी राक्षस होता. त्या सकाळी घरून निघताना आईनं देवापुढे दिवा लावला होता तो काही उगाच नाही.

प्रत्यक्षात मलकप्पा बारकासा, पिचक्या गालांचा माणूस निघाला. त्याच्या कानात अत्तराचा बोळा होता आणि तो आईकडे अशा नजरेनं बघत होता, जशी मी परीक्षेच्या वेळी गणिताच्या मास्तरांकडे बघायची.

माझं त्या दिवशी आईशी बोलणं नव्हतं, हेही सांगायला हवं. माझी मॅट्रिक झाली होती, मार्क चांगले पडले होते. दादांच्या शेजारी बसून नकाशांत शाई भरता भरता मला त्या रेघांचं वेड लागलं होतं, आणि पुण्याच्या पॉलिटेक्निकमध्ये जाऊन नकाशे काढायचं रीतसर शिकायचं असं मी ठरवलं होतं. मावशी पुण्यातच होती. दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "माझं काही नाही गं सुलू. मी तर उद्या पाठवीन. पण तुझ्या आईचा जीव होत नाही. तिला दुखवू नकोस. हा विषयही काढू नकोस तिच्याजवळ." मी विषय काढला नाही. फक्त आईशी बोलणं बंद केलं. अर्जाची मुदत जवळ येत होती. आई विचारायची, पोट दुखतं का, आणि ओव्याचं पाणी द्यायची.

तर अशा आम्ही दोघी, एकमेकींशी न बोलता, मलकप्पाच्या दुकानात.

त्या दुकानाचा वास मला अजून येतो. दारात पाय टाकला की आधी गूळ, मग हिंग, मग नव्या तागाच्या पोत्यांचा कोरडा वास, आणि कोपऱ्यातून रॉकेलची एक बारीक रेघ. पोत्यांची तोंडं शर्टाच्या बाहीसारखी दुमडलेली. डाळीत हात घालायचा तो कोपरापर्यंत. आतून डाळ थंडगार लागायची. छताला सुतळीचा गुंडा टांगलेला असायचा. मलकप्पा न बघता दोर ओढायचा, पुड्याभोवती चार वेढे घालायचा आणि बोटाला हिसका देऊन तोडायचा. आता मी सुनेबरोबर त्या थंडगार मोठ्या दुकानात जाते. ढकलगाडी असते, दिवे असतात, गाणी असतात. डाळ प्लॅस्टिकमध्ये असते आणि तिला हात लावता येत नाही. सून म्हणते, "आई, मागे तारीख छापलीय ना." छापलेली असते. पण तिथे आपल्याला घाबरणारं कुणी नसतं, त्याचं काय करायचं?

"आधी तुरीची डाळ बघू," आई म्हणाली.

मलकप्पानं पुढच्या पोत्याकडे हातही नेला नाही. तो आतल्या खोलीत गेला आणि वेगळंच पोतं ओढत घेऊन आला. "ही बाई, तुमची. दोनदा चाळून ठेवलीय. तुमच्याकडं पुढच्या पोत्यातली कधी धाडत नाही आपण."

आईनं मूठभर डाळ तळहातावर घेतली, फुंकर घातली. "का बरं?"

मलकप्पाला प्रश्नाचा रोख कळला नाही. तो आणखी घाबरला. "तसं न्हाई ओ बाई. त्या मुगाचं अजून मनात असंल तर... त्या बारीला पोराच्या हातून चूक झाली. किडके गेले. पण आपण अंगणात फेकून दिले म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी बदलून धाडलेच की."

"कुणी फेकले?"

"आपण. साहेब म्हणाले." मलकप्पानं आवाज खाली आणला. "म्हणाले, मलकप्पा, मला चालतील रे, मी काय, कसलेही मूग खाईन. पण घरात बघवत नाही. पिशवी उचलली आणि सगळ्या आळीदेखत अंगणात भिरकावली. म्हणाले, पुन्हा असलं आलं तर ती स्वतः पेठेत येईल."

चहाची कपबशी आईच्या हातात होती. तिनं ती स्टुलावर ठेवली. मला ते मूग आठवत होते. आई अख्खी दुपार सूप घेऊन ते निवडत बसली होती आणि एक अक्षर बोलली नव्हती.

मी आईकडे बघितलं. आता ती सांगेल, असं मला वाटलं. आई पोत्याकडे बघत राहिली.

"फेकले असतील," ती हळूच म्हणाली. "माझा राग वाईट आहे."

"त्येच म्हणतो मी," मलकप्पा म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं, अफवा खरी निघाल्यावर माणसाला वाटतं तसं. "गुळाच्या ढेपेचं पण आलं कानावर. आणि तेलाच्या डब्याचं."

"तेलाच्या डब्याचं काय म्हणाले साहेब?"

"तुम्ही शिजवायचं बंद केलंत म्हणाले. दोन दिवस चूल पेटली न्हाई."

बाजूला साखर घ्यायला उभ्या असलेल्या एका बाईनं आईकडे आदरानं बघितलं.

मग आईच्या पाठीचा कणा थोडा सरळ झाला. मी शेजारीच होते, मला दिसलं. तिनं तळहातावरची डाळ पोत्यात टाकली आणि म्हणाली, "याच्या आतली दाखवा."

"याच्या आतली न्हाई बाई, देवाशप्पथ. हीच आतली."

"बरं. मग हीच द्या." आईनं नजर दुकानावरून फिरवली. "आंबेमोहोर?"

"हाय की. साहेब कधी मागत न्हाईत."

"कधीच नाही?"

"मी म्हणतो न्या, वास बघा. तर म्हणतात, घरात सुवासिक तांदूळ चालत न्हाई."

आई आता एकेक नाव घेऊ लागली, आवाज तोच, बारीक. ऐकू यावं म्हणून मलकप्पा पुढे वाकायचा, आणि तिचा आवाज जितका खाली जाई तितका तो अदबीनं उभा राही. तिनं धणे दाताखाली फोडून बघितले. जिऱ्याची चिमूट चुरगाळून नाकाशी नेली आणि मान हलवली. मलकप्पानं दुसरा डबा उघडला. गुळाच्या ढेपा तीन बघितल्या आणि पहिलीच घेतली. मला कळेना ही सगळं कुठे शिकली. आता वाटतं, धारवाडला आजोबांच्या बोटाला धरून दुकानात जातच असेल की ती, लग्न होईपर्यंत.

मग तिचं लक्ष वरच्या फळीवर गेलं. खोबरेल तेलाच्या बाटल्यांशेजारी कॉफीचे डबे ओळीनं उभे होते.

"ती कॉफी आहे?" आईनं विचारलं.

"कॉफीच. कायम असती. आमच्या घरात पण कॉफीच." मलकप्पा हसला. "साहेबांना दर दिवाळीला म्हणतो, एक डबा न्या. म्हणाले, नको बाबा, आमच्या बाईंना वासानंच डोकं चढतं."

आई बराच वेळ त्या डब्यांकडे बघत होती. मला वाटलं ती रडणार. पण तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"एक द्या," ती म्हणाली. "नको, दोन द्या. किती चढतं बघू."

सामान हातगाडीवर रचून हमाल पुढे निघाला. मलकप्पा दुकानाची पायरी उतरून रस्त्यापर्यंत आला. "काय कमीजास्त असंल तर फेकू नका बाई," तो म्हणाला. "निरोप धाडा. मी येतो."

आम्ही गाडीच्या मागून चालत होतो. ऊन मरणाचं होतं. आईनं डोक्यावर पदर ओढला होता आणि त्याच्या आत ती हसत होती, खांदे हलत होते. मलाही हसू फुटलं. बोलायचं नाही हे मी पार विसरले. "आई, तू तेलाच्या डब्यावरून चूल पेटवली नाहीस?" मी म्हटलं, आणि भर रस्त्यात आम्हाला दोघींना थांबावं लागलं.

लिंबाच्या सावलीत आई थांबली. डोळे पुसले. मग एकाएकी तिचं हसू गेलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली.

"सुले," ती म्हणाली, "पुण्याला जायचं नाही, असं तू दादांना सांगितलंस?"

"मी?"

"तुझं मन नाही म्हणाले. मावशीकडे राहायला तुला संकोच वाटतो म्हणाले. तिला विचारू नकोस, रडेल, म्हणाले. मी म्हटलं बरं, पोरीच्या मनाविरुद्ध कशाला."

हमाल पुढे जाऊन वळून बघत उभा राहिला.

"तू नको म्हणतेस असं सांगितलं मला," मी म्हटलं. "तुझा जीव होत नाही म्हणून."

आईनं पदर खोचला आणि चालायला लागली. गाडीच्याही पुढे. मला जवळजवळ धावावं लागलं.

घरी दादा आरामखुर्चीत होते, प्लास्टरचा पाय स्टुलावर. मांडीवर नकाशा होता. सामान आत येताना ते पुड्यांकडे बघत नव्हते, आईच्या तोंडाकडे बघत होते.

"आलात? फार त्रास दिला असेल त्यानं."

"नाही," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळानं वास आला. आमच्या घराला तो वास माहीत नव्हता. दादांनी नकाशाची सुरळी केली, उलगडली, पुन्हा केली.

आई तीन पेले घेऊन बाहेर आली. एक दादांच्या हातात दिला, एक माझ्या, आणि आपला घेऊन समोर जमिनीवर बसली. एक घोट घेतला, डोळे मिटले.

"डोकं चढायला लागलंय," ती म्हणाली.

दादांनी पेल्यात बघितलं.

"मलकप्पा काही बोलला का?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ बोलला. भला माणूस आहे. सुलूची चौकशी केली त्यानं. म्हणाला, पोरीला पुण्याला पाठवा."

"मलकप्पा म्हणाला?"

"हो. मी म्हटलं, पोरीच्या मनात नाही. तर ऐकेना. पाठवाच म्हणाला. मी काय म्हणणार? तो हेकट आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

मी सगळा वेळ दुकानात होते. मलकप्पानं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. दादांना हे कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे आईला. तरी ती तोंडावरची रेषही न हलवता बसून होती.

"मग?" ती म्हणाली. "काय निरोप धाडू मलकप्पाला?"

दादांनी छताकडे बघितलं, पायाकडे बघितलं. बोलायला नकाशा होता, पण तो काही म्हणत नव्हता. शेवटी पेला खाली ठेवून ते म्हणाले, "मला करमणार नाही."

"कुणाला?"

"मला. ही गेली तर मला करमणार नाही. संध्याकाळी शाई भरायला बसते माझ्याजवळ, काहीबाही विचारते. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून आलेलो असतो मी." त्यांनी नकाशाची सुरळी मांडीवरून खाली ठेवली. "एवढंच."

दादांनी कुठल्या वाक्यात 'मला' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. पण आईनं डोळ्यांनी मला जागेवरच ठेवलं.

"मग हे म्हणायचं होतं," ती म्हणाली.

"म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, करमत नाही म्हणून कुणी पोरीचं शिक्षण अडवतं का."

"म्हणालेच असते."

"म्हणून तर."

आईला हसू आलं असावं, पण तिनं ते बाहेर येऊ दिलं नाही. "मूग मी फेकले, बरं. तेलासाठी उपाशी ठेवलं तुम्हाला, तेही बरं. अख्ख्या पेठेत मी कजाग आहे, ते मला आज कळलं. त्याचं मला काही नाही; त्यापायी डाळ चाळून मिळाली इतकी वर्षं. पण ही पोर दोन आठवडे माझ्याशी बोलत नव्हती, अहो. मी ओव्याचं पाणी देत होते तिला."

दादांनी मान खाली घातली. बाहेर हमाल सुटी दोरी गुंडाळत गुणगुणत होता.

"पुन्हा माझ्या तोंडचं वाक्य मला विचारल्याशिवाय कुठे न्यायचं नाही," आई म्हणाली. "आणि कॉफी निवतेय."

दादांनी पेला उचलला. संपवला. मग मला म्हणाले, "सुलू, तो अर्ज आण. आणि काळी शाई आण. निळी चालत नाही म्हणतात." थोडं थांबून ते म्हणाले, "खरंच चालत नाही. वर छापलंय."

त्यानंतर किराणा आईच आणायला लागली. आळीत दोन दिवस कुजबुज झाली, मग आळीतल्या चौघी तिच्याबरोबर जायला लागल्या, कारण तिच्या शेजारी उभं राहिलं की मलकप्पा आतलं पोतं काढायचा. दादा प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत बरोबर जायचे आणि पायरीवर बसून मलकप्पाच्या म्हाताऱ्या वडलांशी जमिनीच्या गोष्टी करायचे.

जूनच्या शेवटी मी निघाले. बार्शीच्या स्टेशनात छोटी गाडी उभी होती, कुर्डुवाडीला नेऊन सोडणारी. आई लाडूचा डबा मांडीवर घेऊन माझ्याबरोबर बसली होती. ती मला मावशीकडे पोचवून येणार होती. दादा खिडकीशी उभे होते, गज धरून. सकाळपासून ते एकच वाक्य बोलले होते, 'पत्र टाक,' आणि तेच चार वेळा.

तेवढ्यात उंबरजे वकील आले. ते कुणाला तरी सोडायला आले असावेत. माझी ट्रंक बघून त्यांनी भुवया चढवल्या.

"पोरीला एकटीला पुण्याला? पेडगावकर, हा तुमचा निर्णय दिसत नाही. घरातून आग्रह झाला असेल."

दादांनी खिडकीतून आईकडे बघितलं. मग काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी छाती थोडी पुढे काढली.

"छे, छे," ते म्हणाले. "माझाच विचार. मी म्हटलं, शिकलंच पाहिजे. घरात फार विरोध होता, पण या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही."

वकिलांनी वाकून आईकडे बघितलं. मी ओठ दाबून ट्रंकेच्या कुलुपाकडे बघत बसले. आईनं लाडवांचा डबा नीट धरला, पदर सारखा केला.

"फार होता," ती आपल्या बारीक आवाजात म्हणाली. "अजून आहे."